हक्क आणि आधार : अमेरिकेतील मेडिकेअर व मेडिकेड यांची घडण

अमेरिकेतील वृद्धांसाठीची मेडिकेअर आणि अल्प उत्पन्न असलेल्यांसाठीची मेडिकेड या दोन शासकीय आरोग्य योजना ३० जुलै १९६५ रोजी एकाच कायद्याने जन्माला आल्या. परंतु त्यांची कुळे भिन्न आहेत आणि ती ध्यानात घेतल्याशिवाय त्यांची आजची रचना उलगडत नाही. मेडिकेअर ही सामाजिक विम्याच्या परंपरेतली, म्हणजे कमावत्या वयात वेतनातून वर्गणी भरायची आणि उतारवयात तिच्या आधारे लाभ मिळवायचा, या तत्त्वावर उभी आहे. मेडिकेडचे मूळ मात्र १६०१ च्या इंग्लंडमधील गरिबांविषयीच्या कायद्यापर्यंत मागे जाते. निराधारांना पोसण्याची जबाबदारी त्या कायद्याने स्थानिक वस्तीवर सोपवली होती आणि ‘पात्र’ गरीब कोण, हे ठरवण्याचा अधिकारही वस्तीलाच दिला होता. वसाहतींबरोबर ही पद्धत अटलांटिकपलीकडे गेली आणि गरिबाचे आजारपण हा काउंटीच्या, पुढे राज्याच्या, मर्जीचा विषय बनून राहिला.

१९३५ मध्ये अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी निवृत्तिवेतनाचा कायदा केला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे सगळेच विधेयक बुडेल या भीतीने आरोग्यविमा त्यातून वगळण्यात आला. नोव्हेंबर १९४५ मध्ये अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, ठेवला. त्याविरुद्ध डॉक्टरांच्या याच संघटनेने, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने, प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर वर्गणी गोळा करून प्रचाराची मोहीम उघडली आणि शीतयुद्धाच्या वातावरणात त्या प्रस्तावाला समाजवादी वैद्यकाचा शिक्का बसला. दरम्यान विम्याची दुसरी वाट तयार झाली होती. १९२९ मध्ये डॅलस शहरातील बेलर रुग्णालयाने शिक्षकांना महिना ५० सेंटमध्ये वर्षाकाठी २१ दिवसांच्या रुग्णालयीन उपचाराची हमी दिली, आणि दुसऱ्या महायुद्धात पगारवाढीवर निर्बंध आल्यावर कामगार टिकवण्यासाठी मालकांनी पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ केला. विमा असा नोकरीला जोडला गेल्याने, नोकरी संपली की विमाही संपू लागला. ज्या वयात आजार वाढतात, नेमक्या त्याच वयात माणूस उघडा पडू लागला आणि खाजगी विमा कंपन्यांना तर म्हातारा ग्राहक नकोच होता.

या कोंडीवर काँग्रेसने १९६० मध्ये काढलेला पहिला उपाय केर-मिल्स कायदा या नावाने ओळखला जातो. त्याअन्वये वैद्यकीय खर्च न पेलणाऱ्या वृद्धांना मदत देण्यासाठी केंद्र सरकार राज्यांना निधी देणार होते, पण योजना राबवायची की नाही, हे राज्यांवर सोडले होते. मिळकतीची तपासणी हा या योजनेचा गाभा होता. अर्जदाराला आपली शिल्लक व मालमत्ता उघड करावी लागे. काही राज्यांत मुलांच्या कमाईचीही चौकशी होई, आणि काही ठिकाणी उपचाराचा खर्च मृत्यूनंतर वसूल करता यावा म्हणून राहत्या घरावर बोजा चढवला जाई. आयुष्यभर कष्ट करून बांधलेले घर दवाखान्याच्या बिलापोटी अडकवण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणे अनेकांना बरे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. निधीचा मोठा वाटाही मोजक्या सधन राज्यांनीच उचलला, कारण गरीब राज्यांकडे स्वतःचा हिस्सा घालण्याची ऐपत नव्हती.

१९६४ च्या निवडणुकीत अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना प्रचंड बहुमत मिळाले आणि चित्र पालटले. प्रतिनिधिगृहाच्या करविषयक समितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी तोवर सामाजिक विम्याला रोखून धरले होते. त्यांनीच मार्च १९६५ मध्ये परस्परविरोधी मानले जाणारे तीन प्रस्ताव एकत्र गुंफले. वेतनावरील कराच्या आधारे रुग्णालयाचा खर्च भागवणारा मेडिकेअरचा ‘अ’ भाग डेमोक्रॅटिक पक्षाचा होता. दरमहा ३ डॉलर हप्ता भरून डॉक्टरांच्या फीसाठी स्वेच्छेने घ्यायचा ‘ब’ भाग रिपब्लिकनांच्या प्रस्तावातून आला. आणि केर-मिल्सचा विस्तार करून निराधार कुटुंबे, अंध व अपंग यांनाही सामावणारा तिसरा घटक म्हणजे मेडिकेड. या तडजोडीचे संसदीय कौशल्य निर्विवाद आहे, परंतु हक्क आणि मदत यांच्यातली जुनी भिंत तिने कायम ठेवली, हा तिचा मोठा दोष म्हणावा लागतो. मिझुरीतील इंडिपेन्डन्स गावी ट्रुमन यांच्या उपस्थितीत कायद्यावर स्वाक्षरी झाली आणि मेडिकेअरचे पहिले कार्ड ८१ वर्षांच्या ट्रुमन यांनाच देण्यात आले.

मेडिकेअरने घडवलेला सर्वांत मोठा सामाजिक बदल विम्याच्या हिशेबात बसत नाही. दक्षिणेकडील राज्यांत तोवर कृष्णवर्णीयांसाठी वेगळे वॉर्ड आणि वेगळ्या प्रतीक्षालयांची रीत होती. काही रुग्णालये तर त्यांना दाखलच करून घेत नसत, आणि १९४६ च्या रुग्णालय-बांधणीच्या कायद्याने अशा विभागलेल्या इमारतींना सरकारी अनुदानही मिळाले होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला वर्णभेद करण्यास मनाई केली, त्यामुळे मेडिकेअरचे पैसे हवे असतील तर ही विभागणी मोडणे भाग पडले. १ जुलै १९६६ रोजी योजना प्रत्यक्ष सुरू होण्यापूर्वीच्या काही महिन्यांत केंद्राचे तपासनीस गावोगावच्या रुग्णालयांत जाऊन खोल्यांमध्ये रुग्ण मिसळून ठेवले आहेत का, कृष्णवर्णीय डॉक्टरांना प्रवेश आहे का, हे पाहत फिरले. न्यायालयांत वर्षानुवर्षे रखडलेले काम बहुसंख्य रुग्णालयांनी काही महिन्यांत केले. भेदभावाचा अंत झाला नाही हे खरे, तरी दारे उघडली, आणि ती उघडण्याचे बळ योजनेला आले ते सर्व वर्गांतले वृद्ध तिच्यावर अवलंबून असल्यामुळे.

मेडिकेडला असे बळ लाभले नाही. तिच्यात सहभागी होणे राज्यांना ऐच्छिक होते. ॲरिझोना १९८२ मध्ये सर्वांत शेवटी सामील झाले. तरीही एका बाबतीत ती मध्यमवर्गीयांच्या घरात शिरली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दीर्घकाळच्या शुश्रूषेचा खर्च मेडिकेअर उचलत नाही. तो खर्च आधी स्वतःच्या पुंजीतून होतो, आणि बऱ्याच राज्यांत एकट्या व्यक्तीची मोजली जाणारी शिल्लक २,००० डॉलरच्या आत आल्यावरच मेडिकेडचा हात मिळतो. शुश्रूषागृहांतील निम्म्याहून अधिक रहिवाशांचा खर्च आज मेडिकेडच उचलते. लाभार्थीच्या मृत्यूनंतर त्याच्या मालमत्तेतून हा खर्च वसूल करणे १९९३ च्या कायद्याने राज्यांना बंधनकारक झाले. केर-मिल्सच्या काळातला घरावरचा बोजा अशा रीतीने तीन दशकांनी देशभरात परतला.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही ही विभागणी आईवडिलांना तिकडे बोलावताना जाणवते. रुग्णालयीन विमा विनाहप्ता मिळण्यासाठी व्यक्तीच्या किंवा जोडीदाराच्या नावावर चाळीस तिमाह्यांचे, म्हणजे सुमारे दहा वर्षांचे, करपात्र काम जमा असावे लागते. पुण्या-मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेल्यांकडे ते नसते, म्हणून ६५ वर्षे पूर्ण झाल्यावर व कायम रहिवासी या नात्याने सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर त्यांना पूर्ण हप्ता भरून तो विकत घ्यावा लागतो. १९९६ च्या कायद्याने मेडिकेडसाठीही नव्या स्थलांतरितांना सर्वसाधारणपणे पाच वर्षे थांबायला लावले, आणि त्या काळात खाजगी विम्याचा भार मुलांवर पडतो.

२०१० च्या आरोग्यसुधारणा कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रत्येक प्रौढाला मेडिकेडमध्ये घेण्याचे ठरवले, तेव्हा चार शतकांहून अधिक जुनी ‘पात्र गरीब’ ही अट प्रथमच दूर होण्याच्या बेतात होती. परंतु २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांवर लादता येणार नाही असा निकाल दिला, आणि टेक्सास व फ्लोरिडासह काही राज्यांनी तो आजतागायत स्वीकारलेला नाही. तेथे मूलबाळ नसलेला, अपंग नसलेला आणि ६५ वर्षांखालील गरीब मनुष्य, उत्पन्न कितीही तुटपुंजे असले तरी, सहसा मेडिकेडला पात्र ठरत नाही.