तळीराम, सिंधू आणि आमचा पडदा ओढणारा

१९७८ च्या आमच्या दहावीच्या तुकडीला आठवत असेल, त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आम्ही ‘एकच प्याला’मधला आर्य मदिरा मंडळाचा प्रवेश केला होता. मी तळीराम झालो होतो. आईच्या ट्रंकेतला वडिलांचा जुना कोट, हातात काळ्या चहाने भरलेला पेला आणि झोकांड्या खाण्याची आठवडाभर केलेली तालीम. सभागृह हसून हसून लोळले. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. पुढची दोन वर्षे मला गावात ‘तळीराम’ म्हणूनच हाक मारत असत.

पडदा ओढायला आमचा एक वर्गमित्र होता. त्याचे नाव लिहीत नाही, लिहू नकोस असे त्यानेच सांगितले आहे. प्रवेश संपल्यावर सगळे विंगेत मला मिठ्या मारत होते, तेव्हा तो दोरी गुंडाळून खिळ्याला अडकवत होता. एवढेच म्हणाला, “तू चांगलं केलंस, पण असं पडत नाहीत रे ते.” मला वाटले, अभिनयातली चूक काढतोय. त्याच्या घरी रात्री काय चालते हे मला पुढे कित्येक वर्षांनी समजले.

पुढे मी मराठीचा मास्तर झालो आणि हे नाटक तीस वर्षे शिकवले. स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा वाटले, शाळेच्या आठवणी सगळेच लिहितील, आपण या नाटकाचा इतिहास लिहावा. ज्या मंचावर आपण हसलो त्या मंचावरचे नाटक मुळात काय होते, हे आपल्या तुकडीला सांगायचे राहून गेले आहे.

राम गणेश गडकरी यांचा जन्म १८८५ चा. त्यांनी ‘एकच प्याला’ १९१७ च्या सुमारास लिहिले. प्रकृती साथ देत नव्हती, म्हणून नाटकातली पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गडकरी गेले, वय अवघे ३३. त्यानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारीत, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. म्हणजे मराठीतली ही सर्वांत गाजलेली शोकांतिका तिच्या लेखकाने रंगभूमीवर पाहिलीच नाही. सिंधू झाले होते बालगंधर्व, सुधाकर गणपतराव बोडस. भरजरी शालूतल्या बालगंधर्वांना पाहायची सवय असलेला प्रेक्षक, त्यांना जुनेर नेसून जात्यावर दळताना पाहून गलबलून गेला.

आपल्याकडे शोकांतिकेची वाट तशी नवीच. संस्कृत नाटकाचा शेवट बहुधा मंगल. ‘ऊरुभंग’सारखा अपवाद विरळा. मराठीत विनायक जनार्दन कीर्तने यांच्या १८६१ च्या ‘थोरले माधवराव पेशवे’ने दुःखान्त दाखवला, आणि पुढे शेक्सपिअरच्या रूपांतरांनी प्रेक्षकाला त्याची सवय लावली. पण ती दुःखे पेशव्यांची, राजांची, सरदारांची. गडकऱ्यांनी ते एका वकिलाच्या बिऱ्हाडात आणले. मध्यमवर्गीय प्रेक्षकाला आपलेच घर समोर दिसले.

दारूचा प्रश्नही त्या काळी घरापुरता नव्हता. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्या-विकण्यावर सरकारी पकड बसली आणि मक्ते-परवान्यांतून तिजोरीत मोठे उत्पन्न येऊ लागले. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या अनुयायांनी दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग केले, ते याच रागातून. पुढे ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी आली, १९४९ मध्ये सबंध प्रांताचा कायदा झाला. ‘एकच प्याला’ला त्यामुळे पुष्कळ लोक दारूबंदीच्या प्रचाराचे नाटक समजतात. वर्गात मीही सुरुवातीला तसेच शिकवीत असे.

पण नाटक नीट वाचले की लक्षात येते, सुधाकर पहिला प्याला घेतो तो चैनीसाठी नव्हे. भर कोर्टात खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते, आणि कालपर्यंत सर्वांत हुशार म्हणून मिरवणाऱ्या माणसाला लोकांच्या नजरा सोसत नाहीत. घाव अभिमानावर बसतो. त्या घावावर तळीराम औषध म्हणून प्याला पुढे करतो. पुढे सुधाकर दारू सोडायचा निश्चय करून काम मागायला जातो, तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि तो परत बाटलीकडे वळतो. दारू ही वाट झाली. त्या वाटेला त्याला लावले त्याच्या ताठ्याने आणि समाजाच्या दाराला लागलेल्या कडीने. शोकांतिकेचा नायक म्हणतात तो असा. मुळात चांगला, आणि एका ठिकाणी कच्चा.

दुसरा विषय सिंधूचा. माहेर श्रीमंत, भाऊ न्यायला आलेला, तरी ती नवऱ्याचे घर सोडत नाही. मूल जाते, स्वतः मरणाच्या दारात असते, तरी आपण पडलो म्हणून लागले असे सांगून नवऱ्याला वाचवते. जुन्या पिढीने तिच्यात पतिव्रता पाहिली. माझ्या अलीकडच्या विद्यार्थिनी चिडून विचारत, “ती गेली का नाही, सर?” मी त्यांना काळ दाखवीत असे. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक होती, म्हणून याच नाटकातल्या बालविधवा शरदला वाट आहे. पण नवरा जिवंत असलेल्या हिंदू बाईला घटस्फोट मिळण्याची तरतूद मुंबई प्रांतात १९४७ साली आणि देशभर १९५५ साली आली. घरातल्या मारहाणीविरुद्धचा स्वतंत्र कायदा तर २००५ चा. सिंधूचे मोठेपण खरे, पण तिच्यापुढे दुसरे दार उघडे नव्हते हेही तितकेच खरे.

तिसरा विषय हसण्याचा, आणि इथे मी गुन्हेगार आहे. आर्य मदिरा मंडळ हे त्या काळच्या सभा, ठराव, भाषणबाजी यांचे विडंबन. गडकऱ्यांनी ते मुद्दाम इतके हसरे केले, कारण त्यांना प्रेक्षकाला तळीरामाच्या बाजूला बसवायचे होते. हसता हसता आपण त्या मंडळाचे सभासद होतो आणि मग सुधाकराच्या घरात जाऊन पोहोचतो. आम्ही काय केले? हसणे तेवढे कापून घेतले आणि पुढचे घर गाळून टाकले. संमेलनात वीस मिनिटेच मिळतात, हे कारण होतेच. पण पडदा ओढणाऱ्याला ते गाळलेले अंक पाठ होते.

गेल्या मेळाव्यात तो भेटला. जेवणाच्या रांगेत मी त्याला ती गोष्ट आठवते का विचारले. म्हणाला, “आठवते. त्या रात्री घरी गेलो तर आई दारातच बसली होती. नाटक कसं झालं विचारलं. मी सांगितलं, सगळे खूप हसले. तीही हसली.” मग ताट पुढे करून म्हणाला, “भात घे, गार होतोय.” मी माफी मागायला तोंड उघडले, तर त्याने मानेनेच नको म्हटले.

संयोजकांना एक विनंती आहे. पुढच्या मेळाव्यात करमणुकीच्या कार्यक्रमात मला अर्धा तास द्या. पाचव्या अंकातला सुधाकर-सिंधूचा प्रवेश आपण नुसता बसून वाचू. वेश नको, रंग नको. सिंधूचे वाचन आपल्या तुकडीतल्या कुणीतरी मैत्रिणीने करावे. सुधाकर मी वाचीन. आणि पडदा नसला तरी तो पहिल्या रांगेत बसेल, असे त्याने कबूल केले आहे.