पडद्यावरील रेषा : वारज्यातील दूरचित्रवाणी

दूरचित्रवाणीचे चित्र किती बारकाव्याने उमटावे, म्हणजेच त्याचे रिझोल्यूशन किती असावे, हे ठरविण्याची मुभा वारज्यातील प्रेक्षकाला फार उशिरा मिळाली. मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम १९७३ पासून सिंहगडावरून पुण्यात पुनःप्रक्षेपित होऊ लागले, तेव्हा मुठेकाठचे वारजे पुणे महापालिकेबाहेरचे खेडे होते. चित्राच्या ६२५ रेषा प्रसारणाच्या मानकानेच ठरलेल्या असत, त्यांपैकी ५७६ दिसत, आणि प्रेक्षकाच्या हाती उरे ते केवळ अँटेना फिरविणे. १९९७ मध्ये वारजे महापालिकेत आले. पुढे केबलच्या अंकीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात ३१ मार्च २०१३ ही मुदत पुण्यासह ३८ शहरांना लागू झाली, आणि सांकेतिक स्वरूपातील प्रक्षेपण उलगडून दाखविणारी पेटी, म्हणजे सेट टॉप बॉक्स, अनिवार्य ठरली.

रिझोल्यूशन निवडण्याची मुभा या पेटीतूनच मिळाली: उच्च रिझोल्यूशनच्या पेटीच्या सेटिंगमध्ये ५७६, ७२० आणि १०८० रेषा असे पर्याय असतात. आकड्यापुढील ‘आय’ म्हणजे विषम व सम रेषा आळीपाळीने दाखविणे, तर ‘पी’ म्हणजे सर्व रेषा क्रमाने एकाच फेरीत दाखविणे. मोठा आकडा निवडला की चित्र आपोआप सुधारते, हा समज मात्र चुकीचा आहे, कारण ५७६ रेषांच्या वाहिनीत जो तपशील मुळातच नाही तो पेटी निर्माण करू शकत नाही, ती केवळ चित्र मोठे करते. शिवाय पेटी पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांच्या जुन्या वायरने जोडलेली असेल, तर १०८० रेषांचे चित्र त्या वायरीतून जाऊच शकत नाही. त्यासाठी एचडीएमआयसारखी केबल लागते.