गर्भावस्थेतील आयोडीनची कमतरता आणि बालविकास

गर्भावस्थेतील आयोडीनची कमतरता ही गर्भाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारी पोषणविषयक अवस्था आहे. तीव्र कमतरतेमुळे अपत्यास कायमचे बौद्धिक अपंगत्व व मूकबधिरत्व येऊ शकते. सौम्य कमतरतेचा संबंध मुलांच्या पुढील वाचन-लेखनाशी व अवधानाशी असल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे; मात्र तो कार्यकारणसंबंध निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही.

शरीरक्रिया

अवटू ग्रंथी आयोडीनपासून थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. मेंदूतील पेशींचे स्थलांतर व त्यांची परस्परजोडणी यांसाठी ते आवश्यक असते. पहिल्या तिमाहीत गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी कार्यक्षम नसल्याने तो मातेच्या संप्रेरकावर अवलंबून असतो. या काळात झालेली हानी जन्मानंतर आयोडीन देऊन पूर्णपणे भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दररोज १५० मायक्रोग्रॅम, तर गर्भवती व स्तनदा मातांसाठी २५० मायक्रोग्रॅम आयोडीनची शिफारस केली आहे.

संशोधन

पापुआ न्यू गिनीमध्ये १९६० च्या दशकात स्त्रियांना गर्भधारणेपूर्वी आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शने दिल्यास जन्मजात तीव्र मतिमांद्य टळते, असे दिसून आले. सिसिली बेटावरील २००४ च्या अभ्यासात कमतरताग्रस्त भागातील १६ पैकी ११ मुलांत अवधान-न्यूनता व अतिचंचलता आढळली. मात्र हा अभ्यास फारच लहान होता. २०१३ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल परिसर व ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथील अभ्यास प्रसिद्ध झाले. गर्भावस्थेत आयोडीन कमी असलेल्या मातांची मुले पहिल्या अभ्यासात आठव्या-नवव्या वर्षी शाब्दिक बुद्ध्यंक व वाचनात, तर दुसऱ्यात नवव्या वर्षी शब्दलेखनात मागे असल्याचे आढळले.

टांझानियातील आयोडीन कॅप्सूल वाटपामुळे मुलांचे, विशेषतः मुलींचे, शालेय शिक्षण वाढल्याचा निष्कर्ष २००९ मध्ये मांडण्यात आला. पुढील फेरविश्लेषणात तो तितका भक्कम ठरला नाही. बंगळूर व बँकॉक येथील सौम्य कमतरता असलेल्या गर्भवतींना रोज २०० मायक्रोग्रॅम आयोडीन देऊन केलेल्या चाचणीतही मुलांच्या पाच-सहा वर्षांच्या वयातील बौद्धिक विकासात फरक दिसला नाही (२०१७). निरीक्षणात्मक अभ्यासांत आहार, आर्थिक स्थिती व मातेचे शिक्षण यांचा प्रभाव वेगळा काढणे कठीण असते. त्यामुळे एखादे मूल अभ्यासात मागे का आहे, याचे उत्तर केवळ या एका घटकावरून देता येत नाही.

भारतातील उपाययोजना

वुलिमिरी रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला. असे मीठ पुरवलेल्या विभागांत गलगंडाचे प्रमाण घटले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे करण्यात आले. आयोडीनरहित खाद्यमिठाच्या विक्रीवरील बंदी २००० मध्ये उठवण्यात आली व २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या मिठात दशलक्ष भागांत किमान १५ भाग आयोडीन असणे अपेक्षित आहे.

ओलावा व उष्णता यांमुळे मिठातील आयोडीन घटते. म्हणून ते झाकणबंद डब्यात ठेवावे. नैसर्गिक सैंधव मिठात आयोडीन नगण्य असते. अतिरिक्त आयोडीनही अवटू ग्रंथीस अपायकारक ठरू शकते. त्यामुळे गर्भवतींनी पूरक गोळ्या वैद्यकीय सल्ल्यानेच घेणे इष्ट असते.