निर्मात्यांची मालिका आणि दिग्दर्शकांची मुद्रा : जेम्स बाँड चित्रपटांच्या बारा दिग्दर्शकांचा तौलनिक विचार (१९६२–२०२१)

प्रस्तावना

चित्रपटाचा इतिहास दिग्दर्शकांच्या नावांनी लिहिण्याची प्रथा आज इतकी रूढ झाली आहे की, ही पद्धतही एका विशिष्ट काळाचे अपत्य आहे, याचा सहसा विसर पडतो. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा कर्ता होय, या विचाराला फ्रान्समध्ये फ्रान्स्वा त्रुफो यांच्या १९५४ मधील लेखाने चालना मिळाली. अमेरिकेत अँड्र्यू सॅरिस यांनी १९६२-६३ च्या सुमारास त्याला सिद्धांताचे रूप दिले. योगायोग असा की, याच सुमारास, ५ ऑक्टोबर १९६२ रोजी, लंडनमध्ये ‘डॉक्टर नो’ प्रदर्शित झाला आणि या सिद्धांताची कसोटी पाहणारी एक चित्रपटमालिका सुरू झाली.

इयन फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांतील जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेरावर ईऑन या निर्मितिसंस्थेने १९६२ ते २०२१ या काळात २५ चित्रपट काढले. ते १२ दिग्दर्शकांनी दिग्दर्शित केले. (या संस्थेबाहेर तयार झालेले १९६७ चा ‘कॅसिनो रोयाल’ आणि १९८३ चा ‘नेव्हर से नेव्हर अगेन’ हे दोन चित्रपट प्रस्तुत विवेचनात घेतलेले नाहीत.) ज्या मालिकेत नायक, कथासूत्र, संगीत आणि नेपथ्य यांविषयीचे अंतिम निर्णय निर्मात्यांच्या हाती असतात, तेथे दिग्दर्शकाच्या वाट्याला नेमके काय उरते, हा या लेखातील मुख्य प्रश्न आहे. त्याचा शोध दोन अंगांनी घेतला आहे. दिग्दर्शक त्या आसनापर्यंत कोणत्या वाटेने आला, हे पहिले अंग. दुसरे अंग म्हणजे नायकाच्या वैयक्तिक दुःखाला त्याने आपल्या चित्रपटात किती जागा दिली. ही दोन्ही अंगे परस्परांशी निगडित आहेत, असे दिसून येते.

निर्मितिगृहाची चौकट

अल्बर्ट ब्रोकोली आणि हॅरी साल्ट्झमन यांनी १९६१ मध्ये ईऑनची स्थापना केली. युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकी कंपनीचे भांडवल आणि लंडनजवळील पाइनवुड स्टुडिओतील कारागीर यांच्या बळावर हे निर्मितिगृह उभे राहिले. रिचर्ड मायबॉम यांचा तेरा चित्रपटांच्या पटकथांत सहभाग होता, जॉन बॅरी यांनी अकरा चित्रपटांना संगीत दिले, तर केन अॅडम यांनी सात चित्रपटांची दृश्यरचना केली. म्हणजे दिग्दर्शक बदलला तरी त्याच्या भोवतालचा कारखाना बहुतांशी तोच राहत असे.

दिग्दर्शकांच्या नियुक्तीचा आलेख या दृष्टीने बोलका आहे. १९६२ ते १९८९ या काळातील पहिले सोळा चित्रपट केवळ पाच जणांनी केले : टेरेन्स यंग (३), गाय हॅमिल्टन (४), लुईस गिल्बर्ट (३), पीटर हंट (१) आणि जॉन ग्लेन (५). १९९५ नंतरच्या नऊ चित्रपटांसाठी मात्र सात दिग्दर्शक लागले आणि त्यांपैकी एकालाही तिसरी संधी मिळाली नाही. पहिल्या कालखंडात विश्वासातील माणूस पुन्हा पुन्हा बोलावला जाई. दुसऱ्या कालखंडात दर वेळी नवी दृष्टी शोधली जाऊ लागली. हा केवळ व्यक्तींचा बदल नव्हता. दिग्दर्शक या पदाचा अर्थच त्यातून बदलत गेला.

घडणीचा काळ : यंग आणि हॅमिल्टन

टेरेन्स यंग (१९१५–१९९४) यांचा जन्म शांघायचा, शिक्षण केंब्रिजचे. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात काम केले होते आणि ब्रोकोली यांच्यासाठी ‘द रेड बेरे’ (१९५३) हा चित्रपटही केला होता. एडिंबरोच्या कामगारवस्तीतून आलेल्या शॉन कॉनरी यांना त्यांनी आपल्या स्वतःच्या शिंप्याकडे नेले आणि कपडे, खाणेपिणे, चालणेबोलणे यांचे वळण लावले. पडद्यावरील बाँडची ऐट ही बऱ्याच अंशी यंग यांच्याच राहणीची छाया होती. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३) मधील रेल्वेच्या डब्यातील हाणामारीत त्यांची खरी पकड दिसते. तेथे जागा अपुरी आहे, धोका शारीरिक आहे आणि विनोद बेताचाच आहे.

गाय हॅमिल्टन (१९२२–२०१६) यांनी कॅरल रीड यांच्या हाताखाली उमेदवारी केली होती. ‘गोल्डफिंगर’मध्ये (१९६४) त्यांनी तोल उलट्या बाजूला झुकवला. धोका आणि थट्टा यांना त्यांनी एकाच पातळीवर आणले. क्यू ही व्यक्तिरेखा करणारे डेस्मंड ल्युएलिन यांनी नमूद केल्याप्रमाणे, या शस्त्रतज्ज्ञाला बाँडविषयी कौतुक नसून चीड असली पाहिजे, कारण त्याने दिलेली प्रत्येक वस्तू बाँड मोडून आणतो, ही सूचना हॅमिल्टन यांची होती. एका सूचनेने पुढील अनेक चित्रपटांत टिकलेले नाते निर्माण केले. निर्मात्यांच्या चौकटीत दिग्दर्शकाची मुद्रा कशी उमटते, याचे हे नेमके उदाहरण होय. कथानक त्याचे नसते, पण कथानकाचा सूर त्याचा असतो.

भव्यतेचा काळ : गिल्बर्ट

लुईस गिल्बर्ट (१९२०–२०१८) यांच्याकडे मालिका आली तेव्हा तिची आर्थिक ताकद कैक पटींनी वाढली होती. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’साठी (१९६७) केन अॅडम यांनी पाइनवुडमध्ये उभारलेल्या ज्वालामुखीच्या नेपथ्यावर सुमारे दहा लाख डॉलर खर्च झाले, म्हणजे ‘डॉक्टर नो’च्या संपूर्ण निर्मितीला लागले होते जवळजवळ तेवढेच. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ (१९७७) आणि ‘मूनरेकर’ (१९७९) यांतही जगाच्या विनाशाचा कट आणि अवाढव्य वास्तू हीच मांडणी कायम राहिली. गिल्बर्ट यांचे कौशल्य या पसाऱ्यात प्रेक्षकाची दिशाभूल होऊ न देण्यात होते. मात्र अशा चित्रपटांत नायकाला भूतकाळ असण्याची गरज उरत नाही. तो प्रत्येक वेळी कोऱ्या पाटीने येतो आणि कोऱ्या पाटीने जातो.

संकलनकक्षातील स्मृती : हंट आणि ग्लेन

या कोऱ्या पाटीवर पहिला ओरखडा उमटवला तो पीटर हंट (१९२५–२००२) यांनी. सुरुवातीच्या चित्रपटांचे संकलक म्हणून त्यांनी मारामारीच्या दृश्यांना वेगवान, तुटक लय दिली होती. दिग्दर्शक म्हणून त्यांना मिळालेला एकमेव बाँडपट म्हणजे ‘ऑन हर मॅजेस्टीज सिक्रेट सर्व्हिस’ (१९६९). नवखे जॉर्ज लॅझेनबी त्यात नायक होते. हंट मूळ कादंबरीशी प्रामाणिक राहिले. बाँडचा विवाह होतो, त्याच दिवशी त्याची पत्नी ट्रेसी हिची हत्या होते आणि चित्रपट तेथेच, कोणत्याही दिलाशाविना, संपतो.

या एका घटनेची पुढील दिग्दर्शकांनी लावलेली वाट तौलनिक अभ्यासासाठी महत्त्वाची आहे. हॅमिल्टन यांच्या ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’मध्ये (१९७१) बाँड शत्रूच्या मागावर निघालेला दिसतो, पण ट्रेसीचे नावही निघत नाही. गिल्बर्ट यांच्या १९७७ च्या चित्रपटात सोव्हिएत हेर स्त्री तिचा उल्लेख करते, तेव्हा बाँड तिला मध्येच तोडतो. दुःख मान्य होते, पण त्यावर बोलणे होत नाही. जॉन ग्लेन यांचा ‘फॉर युवर आइज ओन्ली’ (१९८१) तर ट्रेसीच्या कबरीपाशीच सुरू होतो. ग्लेन हे १९६९ च्या चित्रपटाचे संकलक आणि दुय्यम चित्रीकरण पथकाचे दिग्दर्शक होते, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. त्या प्रसंगाचे श्रेय एकट्या ग्लेन यांना देता येणार नाही. तथापि मालिकेची स्मृती ज्या माणसांत जिवंत होती ती संकलनकक्षातून वर आलेली होती, एवढे निश्चितपणे म्हणता येते. दिग्दर्शकांच्या नामावळीतच अडकलेल्या इतिहासाला हे दिसत नाही.

ग्लेन यांनी १९८१ ते १९८९ या काळात सलग पाच चित्रपट केले. त्यांची शैली कारागिराची आहे. साहसदृश्य स्वच्छ, सलग आणि खऱ्या उंचीवरून केलेले असावे, हा त्यांचा आग्रह होता. ‘लायसन्स टू किल’ (१९८९) मध्ये हे साहस वैयक्तिक सूडाशी जोडले गेले आणि मालिका पुन्हा एकदा गंभीर झाली.

दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्याची सीमा : ‘ऑक्टोपसी’

भारतीय अभ्यासकाला ग्लेन यांचा ‘ऑक्टोपसी’ (१९८३) ओलांडून पुढे जाता येत नाही. उदयपूर येथे चित्रित झालेल्या या चित्रपटात विजय अमृतराज आणि कबीर बेदी यांच्या भूमिका आहेत. स्वातंत्र्य मिळून ३६ वर्षे झालेल्या देशाचे त्यातील दर्शन मात्र राजवाडे, हत्तीवरून शिकार, गारुडी, निखारे आणि खिळ्यांची शय्या यांपलीकडे जात नाही. गिल्बर्ट यांनी १९६७ मध्ये बाँडला वेषांतराने जपानी केले होते. हॅमिल्टन यांच्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये (१९७३) हार्लेम आणि कॅरिबियन बेटे गूढविद्येच्या धुक्यात दाखवली गेली. लय, विनोद, भव्यता या बाबतींत एकमेकांपासून वेगळे असलेले हे तिघे दिग्दर्शक परदेशाकडे पाहण्याच्या दृष्टीत मात्र एकरूप होतात. ही दृष्टी दिग्दर्शकाची नव्हती. ती मालिकेच्या पायातच होती आणि पायाला हात लावण्याची मुभा त्यांपैकी कोणालाही नव्हती. दिग्दर्शक-सिद्धांताची मर्यादा येथे सर्वाधिक स्पष्ट होते.

बाहेरून आलेले दिग्दर्शक

१९८९ नंतर कायदेशीर वादामुळे सहा वर्षे खंड पडला. दरम्यान शीतयुद्ध संपले आणि निर्मितीची सूत्रे बार्बरा ब्रोकोली व मायकेल विल्सन यांच्याकडे आली. या पिढीने दिग्दर्शक बाहेरून आणले. ‘गोल्डनआय’ (१९९५) करणारे मार्टिन कॅम्पबेल न्यूझीलंडचे होते आणि बीबीसीच्या ‘एज ऑफ डार्कनेस’ (१९८५) या मालिकेमुळे परिचित होते. त्यांच्या चित्रपटात विभागप्रमुख स्त्रीच बाँडला गतकाळाचा अवशेष ठरवते. म्हणजे मालिकेवरील टीका मालिकेनेच आपल्या पटकथेत सामावून घेतली. त्यानंतर रॉजर स्पॉटिसवुड (१९९७), ‘अप’ या दीर्घकालीन माहितीपटमालिकेचे मायकेल ॲप्टेड (१९९९) आणि ‘वन्स वेअर वॉरियर्स’चे ली तामाहोरी (२००२) आले. ॲप्टेड यांनी ‘द वर्ल्ड इज नॉट इनफ’मध्ये खलनायकत्व स्त्री व्यक्तिरेखेकडे देऊन नायकाला भावनिक पेचात टाकले. याउलट तामाहोरी यांचा ‘डाय अनदर डे’ अदृश्य मोटार आणि संगणकनिर्मित लाटांत हरवला. मोठे नाव आणले म्हणजे त्याची दृष्टीही चित्रपटात येतेच असे नाही, हा त्यातला धडा होता.

खरे वळण कॅम्पबेल यांच्याच ‘कॅसिनो रोयाल’ने (२००६) घेतले. व्हेस्परच्या मृत्यूने हंट यांचा सोडून दिलेला धागा पुन्हा हाती आला. मार्क फॉर्स्टर यांचा ‘क्वांटम ऑफ सोलेस’ (२००८) आधीच्या कथेच्या शेवटाला थेट जोडून सुरू होतो. पटकथालेखकांच्या संपामुळे अपुऱ्या संहितेवर चित्रीकरण झाले, त्याच्या खुणा या १०६ मिनिटांच्या चित्रपटावर आहेत. तरीही शोक हाच त्याचा विषय आहे. रंगभूमीवरून आलेले आणि ‘अमेरिकन ब्यूटी’साठी ऑस्कर मिळवलेले सॅम मेंडिस ‘स्कायफॉल’मध्ये (२०१२) बाँडला त्याच्या बालपणीच्या घरी नेतात. या चित्रपटाचे उत्पन्न शंभर कोटी डॉलरच्या पुढे गेले. स्मृती हीदेखील व्यापाराला पोषक ठरू शकते, हे निर्मात्यांना त्यातून उमगले असावे.

‘नो टाइम टू डाय’साठी (२०२१) प्रथम निवडलेले डॅनी बॉइल २०१८ मध्ये सर्जनशील मतभेदांमुळे बाजूला झाले आणि कॅरी जोजी फुकुनागा आले. प्रतिष्ठित दिग्दर्शक बोलावला जात होता, पण अंतिम शब्द निर्मात्यांचाच होता. फुकुनागा यांच्या चित्रपटात बाँड व्हेस्परच्या कबरीपाशी जातो आणि शेवटी स्वतः मृत्यू पावतो. त्यात १९६९ च्या चित्रपटाचे संगीत पुन्हा योजले आहे. जो प्रयोग एकेकाळी विसरला गेला, तोच बावन्न वर्षांनी मालिकेचा पाया बनला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, या मालिकेत दिग्दर्शकाची मुद्रा आशयापेक्षा सुरात, लयीत आणि धोका व थट्टा यांच्या प्रमाणात आढळते. दुसरी, दिग्दर्शक निवडण्याची रीत आणि नायकाची घडण यांचा निकटचा संबंध आहे. घरातील कारागिरांच्या काळात बाँड बहुतांशी भूतकाळाविना वावरला, तर बाहेरून आलेल्यांच्या काळात त्याला स्मृती, वय आणि अंत लाभला. तिसरी, हा बदल केवळ बाहेरच्यांनी घडवला असे मानणे चूक ठरेल. त्याचे बीज संकलनकक्षातून आलेल्या हंट यांच्या एकमेव चित्रपटात होते आणि ते ग्लेन यांच्या काळातही पूर्णपणे नष्ट झाले नव्हते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये मालिकेचे सर्जनशील नियंत्रण अमेझॉन एमजीएमकडे गेल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये पुढील चित्रपटासाठी देनी व्हिलनव्ह यांची निवड घोषित झाली. ज्या घराच्या चौकटीत हे बारा दिग्दर्शक काम करत होते, ते घरच आता निर्णयस्थानी राहिलेले नाही. त्यामुळे पुढील इतिहासकाराला तेराव्या दिग्दर्शकाची शैली तपासण्याआधी नवी चौकट कोणाची आहे, हे पाहावे लागेल. चित्रपटाचा इतिहास नावांनी लिहावा, परंतु ती नावे कोणी निवडली आणि संकलनाच्या टेबलापाशी त्यांच्या शेजारी कोण बसले होते, हेही त्या इतिहासात नोंदले गेले पाहिजे.