शुद्ध तूप, शुद्ध गांधार

मराठीच्या अध्यापकाला 'शुद्ध' हा शब्द प्रथम भेटतो तो शुद्धलेखनाच्या वहीत. इतरांना तो भेटतो तुपाच्या डब्यावर आणि हार्मोनियमच्या पट्ट्यांवर. तिन्ही ठिकाणी शब्द एकच असल्यामुळे त्याचा अर्थही एकच असावा, असे आपण गृहीत धरतो. या गृहीताची थोडी तपासणी येथे करावी असे आम्हाला वाटते. त्यासाठी विसाव्या शतकातील दोन इतिहास शेजारी ठेवून पाहिले आहेत. एक आहे तुपाच्या शुद्धतेचा आणि तिच्या शिक्क्यांचा. दुसरा हिंदुस्थानी संगीतातील शुद्धतेचा, आणि त्याच्या ओघाने गवयांच्या त्या प्रसिद्ध, किंबहुना कुप्रसिद्ध, स्वभावांचा.

घरी कढवलेल्या तुपाला 'शुद्ध' म्हणण्याची गरज कधी पडत नव्हती. रवाळ आहे की नाही, बेरी करपली आहे की नाही, एवढाच प्रश्न असे. 'शुद्ध' हे विशेषण तुपाला घट्ट चिकटले ते तुपासारखे दिसणारे दुसरे काही बाजारात आल्यावर. १९३७ साली 'डालडा' हे वनस्पती तूप बाजारात आले. त्याच वर्षी शेतमालाची प्रतवारी करून त्यावर खूण उमटवण्याचा कायदाही झाला. त्यातूनच पुढे सर्वपरिचित झालेला 'अ‍ॅगमार्क'चा शिक्का आला. नक्कल आणि शिक्का यांचे हे एकाच वर्षी अवतरणे योगायोगाचे असेल. पण दोहोंचे मूळ कारण एकच होते. शहरातील गिऱ्हाइकाला आता गवळी ओळखीचा राहिला नव्हता.

वनस्पतीवर तेव्हा मोठे वादंग माजले. गांधीजींनी तिच्याविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर बंदीची मागणी संसदेपर्यंत गेली. निदान तिला रंग द्यावा, म्हणजे ती तुपात मिसळली की डोळ्यांना दिसेल, असाही एक आग्रह होता. पण तळणीत टिकेल, खाण्यास निर्धोक असेल आणि व्यापाऱ्याला काढून टाकता येणार नाही, असा समाधानकारक रंग हाती लागला नाही. अखेर मार्ग निघाला तो मोठा मनोज्ञ आहे. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे कारखानदारांवर बंधनकारक झाले. तिळाच्या तेलात असे काही घटक असतात की तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरॉल यांच्याशी संयोग होताच लाल रंग उमटतो. 'बोदुआँ चाचणी' या नावाने ही कसोटी ओळखली जाते. तुपात वनस्पती मिसळली असेल तर प्रयोगशाळेत तिच्यातले तीळ बोलू लागतात. भेसळीच्या पोटातच तिच्याविरुद्धचा साक्षीदार बसवलेला, असा हा प्रकार होता. डब्यावरची चिठ्ठी फाडता येते, ही आतली खूण काढणे तितके सोपे नव्हते.

तरीही शुद्ध तूप म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरलाच. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला आणि १ जून १९५५ पासून अमलात आला. त्याखालील नियमांत तुपाचे एक मोजमाप म्हणून रायशर्ट-माइसल अंक आहे. तुपातील बाष्पनशील, पाण्यात विरघळणाऱ्या मेदाम्लांचे प्रमाण त्यावरून कळते. वनस्पती तेलांत ही आम्ले जवळजवळ नसतात. पण हा अंक साऱ्या देशाला एकच ठेवता आला नाही. बहुतेक प्रदेशांत तो किमान २६ किंवा २८ असावा लागे, तर कपाशीच्या पट्ट्यात २०-२१ वर भागत असे. कारण सरळ होते. तिथली जनावरे सरकी खातात आणि सरकी खाणाऱ्या म्हशीचे तूप मुळातच वेगळे उतरते. एका प्रदेशाचा अंक दुसऱ्यावर लादला असता, तर वऱ्हाडातला प्रामाणिक शेतकरी कागदोपत्री भेसळखोर ठरला असता. शुद्धतेलाही चारा-पाणी असते, हे कायद्याला कबूल करावे लागले.

संगीताकडे वळल्यावर हीच गोष्ट अधिक सूक्ष्म रूपात दिसते. आज आपण बिलावल थाटाचे स्वर 'शुद्ध' मानतो. पण प्राचीन संस्कृत ग्रंथांतील शुद्ध सप्तक आजच्या काफीच्या जवळचे होते, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कर्नाटक पद्धतीत तर 'शुद्ध गांधार' म्हणून जो स्वर ओळखला जातो, तो आपल्या कानाला शुद्ध रिषभ वाटतो. चिठ्ठी तीच, डब्यातला माल निराळा! यात कुणी अशुद्ध गात नाही. 'शुद्ध' ही स्वराच्या अंगची चव नसून एका पद्धतीने ठरवलेले मोजणीचे आरंभस्थान आहे, एवढाच याचा अर्थ.

बिलावलला शुद्ध सप्तकाचे स्थान कायमचे मिळवून देण्यात विष्णु नारायण भातखंडे यांचा वाटा सर्वांत मोठा. १९१० पासून त्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धति' हा ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात मराठीत सिद्ध केला, दहा थाटांत रागांची मांडणी केली आणि १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरवली. हे कार्य एका अर्थी प्रतवारीचे होते. त्यांनी रचलेली लक्षणगीते आम्हाला येथे विशेष आठवतात. लक्षणगीताच्या शब्दांतच त्या रागाचा थाट, वादी-संवादी, वर्ज्य स्वर सांगितलेले असतात. राग गाता गाता त्याचे लक्षण सांगितले जाते. चिठ्ठी बाहेर न चिकटवता पदार्थातच मुरवलेली. वनस्पतीतल्या तिळांशी याचे नाते आहे, असे म्हटल्यास पंडितजींच्या भक्तांनी रागावू नये.

भातखंडे ज्यांच्याकडून चिजा गोळा करीत, ते उस्ताद मात्र सहजी काही देत नसत. रागाचे नाव विचारले तर सांगायचे टाळणे ही घराणेदार गवयांची जुनी रीत. तिला आपण अडाणीपणा, संशयखोरपणा, फार तर तऱ्हेवाईकपणा म्हणत आलो आहोत. त्यात संशय होताच. विद्या हीच ज्याची जमीन आणि तीच पोटाची भाकर, तो सातबारा परक्याच्या हाती कसा देईल? पण नाव न सांगण्यामागे आणखी एक विचार असावा असे आम्हाला वाटते. नाव कळले की श्रोता ऐकणे थांबवून पडताळणी सुरू करतो.

चिठ्ठीची खरी सक्ती आली ती ध्वनिमुद्रिकेबरोबर. १९०२ साली कलकत्त्याला गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले. गाण्याच्या शेवटी ती आपले नाव इंग्रजीत पुकारते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तेथील तंत्रज्ञांना कुणाच्या तबकडीवर कोणते नाव छापायचे हे कळावे म्हणून ही योजना होती. पुढे काही तबकड्यांवर नावापुढे 'अ‍ॅमॅच्युअर' असे छापलेले आढळते. गाणारी व्यक्ती पेशाने गाणारी नाही, 'घरंदाज' आहे, एवढेच त्यातून सुचवायचे असे. येथे शुद्धतेचा अर्थ कसा सरकला ते पाहावे. तो सुरावरून गाणाऱ्या व्यक्तीच्या कुळावर आला.

नभोवाणीने हे सरकणे सरकारी केले. १९४६ मध्ये सरदार पटेलांकडे माहिती व नभोवाणी खाते असताना, ज्यांचे खासगी आयुष्य लोकापवादाचा विषय झाले आहे अशांना आकाशवाणीवर स्थान देऊ नये, असे धोरण आले. त्याचा रोख कुणावर होता हे सांगायला नको. ज्या स्त्रियांनी ठुमरी-दादऱ्यापासून ख्यालापर्यंतचा ठेवा पिढ्यान् पिढ्या जपला, त्यांच्याच गळ्यावर 'अशुद्ध' हा शेरा पडला. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर या खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या काळात कलावंतांच्या स्वरचाचण्या आणि श्रेणी आल्या. परीक्षणाच्या कामात भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांचा सहभाग होता. मैफली गाजवलेल्या बुजुर्गांना आपली प्रत ठरवून घेण्यासाठी परीक्षकांपुढे बसावे लागले आणि त्यावरून मोठा असंतोष उसळला. हार्मोनियम तर १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर निषिद्धच होते, कारण तिचे बांधलेले स्वर श्रुतींना आणि मींडेला अशुद्ध मानले गेले.

या पार्श्वभूमीवर जयपूर-अत्रौली घराण्यातल्या तीन व्यक्तींकडे पाहावे. अल्लादियाखाँसाहेबांचे (१८५५-१९४६) एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७) गोव्यातल्या केरी गावच्या, कलावंत समाजातल्या. त्यांच्या गाण्याच्या मोजक्या तबकड्या मागे राहिल्या. त्यांच्या फटकळपणाच्या आणि करारीपणाच्या कथा मात्र भरपूर आहेत. त्यांनी विद्या दिली ती जवळजवळ एकट्या धोंडूताई कुलकर्णींना. तिसऱ्या किशोरी आमोणकर. श्रोत्यांतली कुजबुज खपवून न घेणाऱ्या, आणि घराण्याची पाटीच नाकारणाऱ्या.

हे स्वभाव आपण किश्श्यांच्या रूपाने चघळतो. आमचे म्हणणे असे की ते इतिहासाची साधने म्हणूनही वाचावेत. ज्या समाजाने गायिकेचे कूळ तपासून मग गाणे ऐकले, त्याच्यापुढे एखादी स्त्री आपल्या अटींवर बसते आणि बिदागीपासून बैठकीपर्यंत सारे स्वतः ठरवते, तेव्हा तिचा ताठा हा केवळ ताठा राहत नाही. माझी प्रत तुम्ही ठरवायची नाही, असे ती सांगत असते.

मात्र येथे आम्हाला स्वतःलाच अडवले पाहिजे. या न्यायाने तुपाचा व्यापारीही म्हणेल की माझी प्रत तुम्ही ठरवू नका. त्याला ते म्हणू देता येणार नाही. शिक्का चांगला की वाईट हे तो कुणाचे रक्षण करतो यावरून ठरते. तुपाच्या डब्यासमोर दुबळा असतो तो गिऱ्हाईक. त्याच्या हाती प्रयोगशाळा नसते, म्हणून कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली तरी हे तत्त्व बदलले नाही. मैफलीच्या सरकारी दारात दुबळा होता तो कलावंत, आणि शिक्का मात्र दाराच्या रखवालदाराच्या हाती. शिवाय तुपाच्या कायद्याने कपाशीच्या पट्ट्याला जेवढी सवलत दिली, तेवढीही कलावंतिणींच्या वाट्याला आली नाही. आणि नकाराचीही किंमत असतेच. अल्लादियाखाँचा आवाज आपल्याला कधीच ऐकू येणार नाही, ही त्या नकाराची आपण भरत असलेली किंमत आहे.

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 'व्हॉयेजर' याने अवकाशात झेपावली. त्यांच्यासोबत गेलेल्या सुवर्णतबकडीत संगीतअभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांच्या सूचनेवरून केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरे यान निघाल्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई निवर्तल्या. त्या तबकडीच्या यादीत देशाचे नाव आहे, बंदिशीचे आरंभीचे शब्द आहेत, 'सूरश्री' या पदवीसह गायिकेचे नाव आहे, 'राग' हा शब्दही आहे. कोणता राग, ते मात्र तिथे लिहिलेले नाही. ज्या कुणाला कधी ते ऐकू येईल, त्याला भैरवी ऐकूनच ओळखावी लागेल.