दक्षिण ऑस्ट्रेलियातील स्त्री-मताधिकार चळवळ

दक्षिण ऑस्ट्रेलिया या तत्कालीन ब्रिटिश वसाहतीत (आता ऑस्ट्रेलियाचे घटक राज्य) एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेली राजकीय चळवळ. मालमत्ताधारक स्त्रियांना येथे स्थानिक निवडणुकांत १८६१ पासून मत होते. विधिमंडळाची दारे मात्र बंद होती. १८८५ मध्ये शरीरक्रियाविज्ञानाचे अध्यापक एडवर्ड स्टर्लिंग यांनी विधानसभेत स्त्री-मताधिकाराचा ठराव मांडला. १८८८ मध्ये स्त्री-मताधिकार संघ स्थापन झाला. त्याच्या आयरिश वंशाच्या चिटणीस मेरी ली यांनी कष्टकरी स्त्रियांची संघटना बांधली. लेखिका कॅथरिन हेलन स्पेन्स आणि मद्यपानविरोधी ख्रिस्ती महिला संघाच्या कार्यकर्त्यांनीही चळवळीला बळ दिले.

अनेक विधेयके फेटाळली गेल्यावर १८९४ मध्ये सुमारे ११,६०० सह्यांचा अर्ज विधिमंडळाला सादर झाला. सह्यांचे कागद एकमेकांना चिकटवून केलेली ही गुंडाळी सुमारे १२२ मीटर लांब होती. विधेयक हाणून पाडण्यासाठी विरोधक एबेनेझर वॉर्ड यांनी स्त्रियांना निवडणूक लढवण्याचाही हक्क देण्याची बाजू उचलून धरली. तो डाव त्यांच्यावरच उलटला. १८ डिसेंबर १८९४ रोजी विधेयक ३१ विरुद्ध १४ मतांनी संमत झाले. मतदान आणि उमेदवारी हे दोन्ही हक्क देणाऱ्या या कायद्यात आदिवासी स्त्रियांनाही वगळलेले नव्हते; तरी प्रत्यक्षात त्यांना मतदानास उत्तेजन मिळाले नाही. स्त्रियांनी १८९६ च्या निवडणुकीत प्रथम मतदान केले. १८९७ मध्ये स्पेन्स संघराज्य परिषदेच्या निवडणुकीत उभ्या राहिल्या, पण पराभूत झाल्या. राज्य विधिमंडळात स्त्रिया प्रथम निवडून आल्या त्या १९५९ मध्ये.