आधी नाव सांगा

मतदाराने ओळखपत्र दाखवावं का, हा वाद शेषन यांच्यापासून सुरू झाला असं आपल्याला वाटतं. १९९३ मध्ये छायाचित्र ओळखपत्राचा आदेश त्यांनीच काढला, हे खरं. पण आपण थोडं मागे जाऊ. पहिल्या निवडणुकीची यादी करताना उत्तरेतल्या अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच! मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख यादीतून गळल्या. सेन यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. पण मत गेलं ते त्या बायकांचं.

आता १९६१ चे नियम बघा. मतदाराच्या ओळखीबद्दल शंका असेल, तर उमेदवाराच्या प्रतिनिधीने २ रुपये भरून आक्षेप घ्यायचा. हो, दोनच! पुरावा मग त्याच्याकडेही मागता येतो. ओळखपत्र आलं आणि हा भार उलटला. शंका कुणी घेवो न घेवो, कागद प्रत्येकानेच दाखवायचा.

मग कागद नकोच का? तसंही नाही. आपल्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं, तर आपल्याला मतपत्रिका मिळते. पण ते प्रदत्त मत वेगळ्या पाकिटात जातं आणि एरवी मोजलंच जात नाही.